बिनदाराची खोली

अंजनाबाईंच्या घरी हिवाळ्यात मुक्कामाला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना एक शिक्षा ठरलेली असे. जरा कुठे डोळा लागला की त्यांना हलवून विचारलं जाई, "झोपले काय जी?" माणूस दचकून जागं होई आणि झोपलो होतो, आता नाही, असं काहीतरी पुटपुटे. तेवढ्यानं सुटका नसे. "हौ म्हणा," असा हुकूम व्हायचा. म्हाताऱ्यानं "हौ" म्हटलं की बाईंचा जीव भांड्यात पडे आणि त्याला पुन्हा झोपायची मोकळीक मिळे. हे पहाटेपर्यंत चाले.

मला हे ठाऊक, कारण त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत होती. बालाघाटला राईस मिलच्या मागे आमची वस्ती. लग्न होऊन मी तुमसरहून तिथे आले त्या पहिल्याच थंडीत भिंतीतून आवाज यायला लागले. आधी बाईचा, "हौ म्हणा." मग कुणातरी थकलेल्या गळ्यातून, "हौ." थोड्या वेळानं पुन्हा तेच. मी आमच्या ह्यांना हलवून उठवलं. हे वनखात्यात कारकून. बैहरच्या जंगलातल्या वाघाच्या गोष्टी सांगताना छाती फुगायची, पण त्या दिवशी रजई डोक्यावरून ओढून घेतली आणि आतूनच म्हणाले, शेजारी पाहुणे असतील, तू झोप. सकाळी पाहते तर शेजारच्या अंगणात डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधलेला एक म्हातारा उन्हात बसला होता आणि एक बारकीशी बाई त्याच्या तळपायांना जवसाचं तेल चोळत होती. अंगात नवऱ्याचा खाकी स्वेटर, तो गुडघ्यापर्यंत आलेला. मला पाहून म्हणाली, "नवीन आली काय व? आवाजाची सवय होऊन जाईल."

त्या काळी मोतीबिंदू थंडीतच काढत. वारासिवनी, कटंगी, तिरोडीकडून म्हातारीकोतारी माणसं सरकारी दवाखान्यात यायची. खाटा थोड्या, माणसं फार. पट्टी बांधून झाली की जा म्हणत, आणि पट्टी बदलायला पुन्हा बोलवत. मधले दिवस राहायचं कुठे? धर्मशाळेत आधी जात विचारायचे आणि मग जागा नाही म्हणायचे. आमची वस्ती सगळी नव्यानं बौद्ध झालेल्यांची. त्यामुळे बसस्टँडवरच कुणीतरी सांगायचं, मिलमागं जा, अंजनाबाईच्या घरी. गाठोड्यात थोडे तांदूळ, चार वांगी घेऊन ही माणसं दारात उभी राहायची. अंजनाबाई त्यांना ना कुठले विचारायच्या, ना कोणाचे. पहिला प्रश्न एकच असे, थंडी कुठं वाजते, पायाले का पाठीले?

हा प्रश्न साधा नव्हता. डोळा कापलेल्या माणसाला खोकायचं नाही, शिंकायचं नाही, मान वाकवायची नाही. सर्दी झाली की डोळा गेला समजा. आणि बालाघाटची थंडी म्हणजे वैनगंगेचं धुकं थेट कौलांतून पांघरुणात. दुसऱ्या कोणाच्या घरी शेगडी पेटवली असती. अंजनाबाईंच्या घरात विस्तवाला बंदी होती. चूलसुद्धा अंगणात, पत्र्याच्या आडोशाला. भर पावसाळ्यात डोक्यावर पोतं घेऊन ती बाई बाहेर भात शिजवायची, पण निखारा उंबऱ्याच्या आत नाही. मधली खोली पाहुण्यांची. तिला चौकट होती, बिजागऱ्या होत्या, दाराच्या फळ्या मात्र नव्हत्या. त्या जागी मिलच्या बारदानाचा, आत तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, भरून दोरे घातलेला जाड पडदा. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, दाराले वाळवी लागली होती. आणि लगेच माझ्या भाजीत मीठ किती ते विचारायला लागल्या.

विस्तवाशिवाय ऊब आणायची म्हणजे त्यांची दिवसभर तारांबळ. त्यांचा नवरा गेंदलाल मिलमध्ये कामाला. तो फाटकी पोती आणि कोंडा आणून द्यायचा. पोत्यांत तणीस भरून त्यांच्या गाद्या व्हायच्या, आणि बाजेच्या दोऱ्यांखालून येणारा गारवा त्यांनी अडायचा. कोंड्याच्या लहान लहान उशा करून त्या गुडघ्यांभोवती बांधायच्या. सकाळी सगळं अंथरूण कौलांवर पसरलं जाई. ऊन कलायच्या आत, अगदी चटके बसत असतानाच, अंजनाबाई शिडीवर चढून रजया घडी घालून दाबून बांधून ठेवायच्या. एकदा मी म्हटलं, आणखी थोडा वेळ राहू द्या की. तर म्हणाल्या, "ऊन गेल्यावर काय सावली बांधू?" संध्याकाळी ते गाठोडं पाहुण्याच्या अंगावर सोडलं की खोलीत खरोखरच दुपारचा वास यायचा. जेवणं दिवे लागायच्या आधी. वर सुंठ घातलेलं कुळथाचं कढण. कानात कापूस. आणि भाजलेल्या विटा फडक्यात गुंडाळून पायथ्याशी. वीट मात्र अंगणातल्या चुलीत तापायची, आणि तिला निखारा चिकटलेला नाही ना हे त्या हातानं चाचपून पाहायच्या. हात पोळायचा, त्याचं काही नाही.

माझ्या चुलीवर त्यांचा डोळा होता हे मला उशिरा कळलं. एकदा आल्या आणि म्हणाल्या, तुझी चूल या भिंतीले लाव न. आमची चूल समोरच्या कोपऱ्यात होती. का, तर चूल भिंतीला लागली की भिंत तापेल आणि पलीकडे त्या भिंतीला बाज लावली की म्हाताऱ्यांची पाठ शेकेल. मी कुरकुरले. हे तर म्हणाले, शेजाऱ्याच्या चुलीवर पाहुणे शेकायची कला हिच्याकडूनच शिकावी. पण चूल हलली. मग रोज भात शिजल्यावरही मला एखादं लाकूड ढकलत बसावं लागे. कधी विसरले तर भिंतीवर टकटक व्हायची. "भाजी जळू दे व, चूल विझू देऊ नोको." माझ्या सासूबाई आल्या तेव्हा आमची जळकी वांगी खाऊन त्या म्हणाल्या, सून शिकलेली आहे असं ऐकलं होतं. भिंतीपलीकडे वारासिवनीची एक आजी पाठ टेकून गाणं गुणगुणत होती, ते ऐकू येत होतं.

पाहुण्यांत सगळेच गरीब गाईसारखे नसत. तिरोडीच्या मॅंगनीजच्या खाणीत जन्म काढलेला एक मुकादम आला होता. दोन्ही डोळ्यांना पट्टी, पण जीभ मोकळी. त्याला ते उठवणं मुळीच सहन होईना. खाणीत भोंगा वाजायचा तोसुद्धा दिवसातून ठरल्या वेळी, असं तो मला भिंतीपलीकडून ऐकवायचा, जणू मीच उठवत होते. एके दिवशी त्यानं गंमत करायची ठरवली. त्या विचारतील आणि आपण गप्प पडून राहायचं.

भिंतीतून मला सगळं ऐकू आलं. "मुकादम, झोपले काय जी?" उत्तर नाही. "हौ म्हणा जी." नाही. मग एक किंकाळी, आणि बाज फरशीवरून ओढल्याचा आवाज. आम्ही कंदील घेऊन धावलो. त्या काडीएवढ्या बाईनं मुकादमासकट बाज ओढत अंगणात आणली होती. धुक्यात त्याच्या छातीवर कान लावून पडली होती. तो बिचारा दोन्ही हातांनी पट्टी धरून "हौ बाई, हौ, हौ" म्हणत होता. अंजनाबाईंनी छातीवरचा कान उचलला. उठल्या आणि विहिरीच्या कठड्याला टेकून बसल्या. दात वाजत होते. गेंदलालनं मुकादमाला आत नेलं, मग बायकोजवळ येऊन नुसता उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी उन्हात रजया पसरताना त्यांनी मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

राज्यांची नवी आखणी होऊन आपला जिल्हा नागपूरकडून भोपाळकडे गेला त्या वर्षीची गोष्ट. अंजनाबाई नवीन सून. सासू गावाहून डोळ्याच्या ऑपरेशनला आली. सासू मायाळू होती. सुनेला काही काम सांगायची नाही, उलट सुनेची वेणी घालून द्यायची. दवाखान्यातल्या नर्सनं बजावलं होतं, धूर अजिबात लागू देऊ नका. आता धूर नको आणि ऊब तर हवी. अंजनाबाईंनी डोकं चालवलं. चांगला कोळसा आणला, शेगडी अंगणात पेटवली, धूर पार निघून जाऊन निखारे लालभडक होईपर्यंत वारा घातला आणि मग ती शेगडी सासूच्या बाजेखाली ठेवली. दार लावलं. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. सासू म्हणाली, आज हाडं उबली व पोरी. सून खूश होऊन बाहेरच्या खोलीत झोपली.

"सकाळी डोकावून पाह्यलं. बुढीचं तोंड लाल दिसत होतं, उन्हातून आल्यावानी. मले बरं वाटलं व. म्हटलं, चांगली ऊब लागली, झोपू दे. मी पाणी भरलं. सडा टाकला. चहा करून झाकून ठेवला. तो थंडा झाला तवा हात लावला मी तिले."

रजईची घडी दोघींच्या हातात तशीच राहिली. मग त्याच म्हणाल्या, "लोक म्हणतात धूर वाईट. धुरानं माणूस खोकलून जागं तरी होते. ज्या विस्तवाले धूर नाही तो चोर."

गेंदलालनं त्या दिवसापासून आजवर त्यांना एका शब्दानं दोष दिला नव्हता. दार त्यानंच काढलं, आणि मिलमध्ये नेऊन जाळलं. "यानं एक शिवी दिली असती तर सुटली असती मी," असं त्या म्हणाल्या, आणि हे त्यांनी इतक्या शांतपणे म्हटलं की मला गेंदलालचा राग आला. आजही तो राग बरोबर होता की चूक ते मला सांगता येत नाही.

शिवी दिली ती नणंदेनं. सीताबाई तिचं नाव. लग्न करून दिली होती राजेगावला, गोंदियाच्या रस्त्यावर. आईच्या मातीला आलेली, तिथे सगळ्यांसमोर म्हणाली की माया मायले हिनं भाजून मारलं, आणि या घरचं पाणी पिणार नाही. भावाच्या घरी ती पुन्हा आली नाही. बाजाराला बालाघाटला यायची, आमच्या वस्तीच्या तोंडावरून जायची, पण मान वळवायची नाही.

अंजनाबाईंना दुनियेत एकच गोष्ट हवी होती, सीताबाईनं एक तरी थंडीची रात्र या खोलीत निजावं. एवढे म्हातारे आले, बरे होऊन गेले, जाताना आशीर्वाद देऊन गेले, त्यातला एकही आशीर्वाद त्यांच्या अंगाला लागत नव्हता. दर थंडीत राजेगावकडे जाणाऱ्या कोणाच्याही बरोबर निरोप जाई. बसच्या कंडक्टरपासून बांगड्या विकणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना तो पाठ झाला होता, सीताबाईले सांगजा, खोली गरम हाये, थंडीची येऊन जा. उत्तर यायचं नाही. एकदाच आलं. तिथली ऊब पाहून चुकली म्हणा मी, असं. त्या दिवशी अंजनाबाईंनी सगळ्या पाहुण्यांना वाढलं, विटा तापवल्या, तेल चोळलं, आणि संध्याकाळी माझ्या भिंतीवर टकटक केली नाही. मी आपणहून चुलीत लाकूड ढकललं.

वर्षं गेली. माझी पोरं त्या आवाजांत वाढली. मोठा तर पाळण्यातच "हौ" म्हणायला शिकला. अंजनाबाई मात्र दर थंडीत वाळत चालल्या. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत ती बाई झोपतच नसे म्हटलं तरी चालेल. दुपारी तांदूळ निवडताना बसल्या बसल्या डोळे मिटायचे आणि सूप मांडीवरून घसरायचं. मी रागवायची. किती म्हातारे आता मरणार आहेत तुमच्या घरी, दार नाही, विस्तव नाही, आता तरी झोपा, म्हणायची. त्या हसायच्या. "मले माहीत हाये व. पण ते बुढी विचारते न, मले काहून नाही उठवलं?" हे ऐकल्यावर संध्याकाळी मीच त्या खोलीकडे पाठ करून बसायला बिचकायला लागले.

आणि मग एका थंडीत दवाखान्यातून आलेल्या एका पेशंटकडून कळलं की राजेगावची सीताबाई व्हरांड्यात आहे. ऑपरेशन झालंय, आत खाट नाही. मुलगा सोबत आहे, पण त्याला धानाच्या मळणीला परत जायचंय.

अंजनाबाईंच्या हातातली पळी खाली पडली. मग त्यांनी दोन विटा चुलीत घातल्या आणि मला म्हणाल्या, "तू चाल. तू बोलजो. मी नाही बोलत."

व्हरांड्यात वारा आडवा येत होता. सीताबाई एका पातळ सतरंजीवर उताणी पडली होती, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. हाडापेरानं मोठी बाई, पण थंडीनं आखडलेली. मी म्हटलं, आम्ही मिलमागच्या बाया, पेशंटांना विटा आणून देतो. खोटं नव्हतं अगदी. अंजनाबाईंनी फडक्यात गुंडाळलेली वीट तिच्या तळपायांशी ठेवली आणि तेलाचा हात लावला. सीताबाईनं पाय आखडून घेतला. क्षणभर तसाच ठेवला. मग सैल सोडला. मुलानं मामीला ओळखलं होतं. तो खांबाकडे पाहत उभा राहिला.

असं पुढेही रोज संध्याकाळी. मी हवापाण्याचं काहीबाही बोलायची, अंजनाबाई मुक्यानं पाय चोळायच्या. जन्मात एवढा वेळ गप्प राहिलेल्या मी त्यांना पाहिलं नव्हतं. घरी येताना रस्त्यात विचारायच्या, पाय नाही ओढला न आज? मुलगा गेला त्या संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा सीताबाई एकटीच होती. अंजनाबाई खाली बसल्या, आदल्या दिवशीची वीट काढून नवी ठेवू लागल्या.

"वहिनी," सीताबाई म्हणाली, "कालची इट लवकर थंडी झाली."

अंजनाबाईंचा हात तिथेच थांबला.

"किती दिस मुकी राहाशील? घरी ने मले."

मी नंतर सीताबाईला विचारलं, ओळखलं कसं? ती म्हणाली की पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. आईच्या ऑपरेशनच्या वेळी ती भेटायला आली होती तेव्हा ही नवी सून आईचे पाय असेच चोळत होती, टाचेकडून बोटांकडे, उलटे. सगळ्या जगाच्या बाया बोटांकडून टाचेकडे चोळतात. आईनं तेव्हा हसून म्हटलं होतं, इचं सगळंच उलटं, पण हात मऊ हाये. "ते मले आठवत होतं व इतकी वर्सं," सीताबाई म्हणाली. "म्हणून जास्तच राग येत होता."

सायकल रिक्षातून तिला घरी आणलं. गेंदलालनं बहिणीला हात धरून मधल्या खोलीत नेलं. चौकटीपाशी ती थांबली. हातानं लाकूड चाचपलं, वरपासून खालपर्यंत, रिकाम्या बिजागरीवर बोट ठेवलं. मग ती आत गेली.

त्या दिवशी मी चूल अशी पेटवली की भिंतीला हात लावला तर पोळावा. आमचे हे म्हणाले, घर जाळशील. जेवणं झाली, आवराआवर झाली, आणि मी भिंतीशी अंथरूण टाकून कान देऊन पडले. ठरल्याप्रमाणे आवाज आला.

"सीताबाई, झोपल्या काय?"

"हौ."

थोडा वेळ गेला. पुन्हा तेच विचारणं, तेच उत्तर. मग अंजनाबाईंनी विचारायच्या आधीच सीताबाईचा आवाज आला, "वहिनी, तुये दात वाजून राह्यले. बाजेवर ये. माया पांघरुणात ये."

बाज करकरली. त्यानंतर काही नाही. मी वाट पाहिली. भिंतीपलीकडे कोणी कोणाला उठवत नव्हतं, आणि इतक्या वर्षांनी मिळालेल्या त्या शांततेत मला झोप येईना. भिंत हळूहळू निवत गेली. माझ्या मनात नको ते यायला लागलं. त्या खोलीत विस्तव नाही, दार नाही, हे मला पाठ होतं, तरी मी अंधारात पडल्या पडल्या तेच तेच घोकत होते. अंजनाबाईंची सगळी वर्षं अशी गेली असतील हे मला त्या एका रात्रीत कळलं, आणि मला त्यांची भीती वाटली, दयाही आली.

उजाडल्याबरोबर मी चहा घेऊन गेले. पडदा बाजूला केला. एका बाजेवर दोघी होत्या. सीताबाई डॉक्टरांनी सांगितलं तशी सरळ उताणी. तिच्या कुशीत अंजनाबाई, तोंड उघडं, केस विस्कटलेले, आणि चेहरा लाल. मी हाक मारली. हलल्या नाहीत. पुन्हा मारली. मी चहा खाली ठेवला आणि त्यांना हात लावायला वाकले.

सीताबाईनं मान हलवली नाही. तिला हलवायची परवानगीच नव्हती. पट्टीखालून तिला काही दिसतही नव्हतं. पण पांघरुणातून तिचा हात मला दिसला, अंजनाबाईंच्या छातीवर सपाट ठेवलेला, आणि तो हात संथपणे वर जात होता, खाली येत होता.

"ओरडू नोको व," ती हळूच म्हणाली. "मी रातभर जागी हाये. निजू दे तिले."